मध्यस्थी की लवाद? चिनी कंपनीशी करार करताना

प्रश्न असा आहे: निंगबोच्या कंपनीकडून यंत्रं घ्यायचा करार होतोय. भागीदारांसाठी त्याचा मराठी मसुदा करताना 'आर्बिट्रेशन'ला 'मध्यस्थी' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. मध्यस्थ समजूत घालतो. त्याचं ऐकायचं की नाही, हे शेवटी दोन्ही पक्षांच्या हाती असतं. लवाद मात्र दोघांचं ऐकून निवाडा देतो आणि तो मानावाच लागतो. भारतीय कायद्याच्या हिंदी पाठात आर्बिट्रेशनला 'माध्यस्थम्' म्हणतात, त्यामुळे हा घोळ होत असावा. मराठीत 'लवाद नेमणे', 'लवादाचा निवाडा' असे रुळलेले प्रयोग असताना तो ओढवून घेऊ नये.

चिनीतही हे दोन शब्द वेगळेच आहेत. मध्यस्थीला 'थ्याओच्ये', लवादाला 'चोंगत्साय'. यातल्या 'त्साय'चा मूळ अर्थ कापड कापणे. शिंप्यालाही त्यावरूनच शब्द आहे. म्हणजे आपलं 'एक घाव दोन तुकडे' त्या अक्षरातच बसलंय! मला हे फार आवडतं.

पण खरी अडचण पुढे आहे. 'वाद लवादाकडे किंवा न्यायालयात नेता येईल' असं अनेक मसुद्यांत सर्रास लिहिलेलं असतं. त्यातला 'किंवा' घातक आहे. चीनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निर्वचनानुसार (म्हणजे कायद्याचा अर्थ कसा लावायचा याच्या स्पष्टीकरणानुसार) असं कलम साधारणपणे अवैध ठरतं. 'नेता येईल'ही नको, 'सोपवला जाईल' हवं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2007 मध्ये नुसत्या शक्यतेच्या भाषेला लवादाचा करार मानलं नाही. आणि न्यायालयावर भिस्त ठेवून उपयोगही थोडा: चिनी न्यायालयाचा हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही. चीनमधला लवादाचा निवाडा मात्र 1958 च्या न्यूयॉर्क कराराखाली (परदेशी लवाद निवाडे मान्य करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) बजावता येतो, कारण भारताने 2012 मध्ये त्यासाठी चीनला अधिसूचित केलं.

संस्थेचं नाव तर अक्षरशः जसंच्या तसं लिहा. चिनी कायदा साधारणपणे लवाद संस्था नेमलेली असावी असं मागतो. नुसतं 'शांघायमध्ये लवाद' पुरत नाही. 2012 मध्ये सिएटॅक या चीनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद संस्थेपासून तिच्या शांघाय आणि शेनझेन शाखा वेगळ्या झाल्या, तेव्हा जुन्या कलमांतला वाद नेमका कोणाकडे जायचा यावरूनच न्यायालयं गाठावी लागली. सिंगापूर ठरवलंत तर 'लवादाचं स्थान सिंगापूर' असं लिहा. 'सुनावणीची जागा' ही निराळी गोष्ट. स्थानावरून कोणत्या देशाचा लवाद कायदा लागेल ते ठरतं.

मराठीत मी असं लिहीन: 'या करारातून किंवा त्यासंबंधी उद्भवणारा प्रत्येक वाद (संस्थेचं पूर्ण नाव) हिच्या नियमांनुसार लवादाकडे सोपवला जाईल. लवादाचा निवाडा अंतिम व दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील.' चिनी आणि इंग्रजी प्रतींत फरक निघाला तर कोणती प्रत ग्राह्य, हे त्याखालीच नोंदवा. मराठी मसुदा फक्त समजण्यासाठी आहे, असंही त्यावर ठळक लिहा.