एकांकिकेसाठी वीस कल्पना सुचल्यात, पण एक काही ठरत नाही. काय करावं?

आधी नव्या कल्पना घेणं बंद करा. सुचवणं आणि निवडणं एकाच बैठकीत केलं की भांडण ठरलेलं. ब्रेनस्टॉर्मिंगची, म्हणजे एकत्र बसून भराभर कल्पना सुचवण्याची, पद्धत मांडणाऱ्या ॲलेक्स ऑस्बॉर्ननेही त्यात परीक्षण नंतरसाठीच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक कल्पना एका ओळीत लिहून भिंतीला चिकटवा. खाली नाव नको, नाहीतर मत माणसाला पडतं. प्रत्येकाला तीन टिकल्या द्या (हो, कपाळावरच्याच), आवडलेल्या कल्पनांवर गुपचूप लावायच्या. दिग्दर्शकाने सगळ्यात शेवटी.

मग वरच्या तीन कल्पनांमधला पाच-पाच मिनिटांचा प्रसंग उभा करून बघा. आमच्याकडे सर्वाधिक टिकल्यांची कल्पना तिथेच झोपली: सांगायला भारी, पण नटाला करायला काहीच नाही. दुसऱ्या नंबरची बसवली. उरलेले कागद फेकू नका, पुढच्या वर्षी लागतात.