दारात थर्मामीटर धरला म्हणजे विश्वास कमी का?

कोरोनाच्या काळात चर्चची दारं पुन्हा उघडायला लागली, तेव्हा माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा प्रश्न फिरून फिरून एकच असायचा: काळजी घेतली तर देवावरचा भरवसा कमी पडला असं होतं का? तो सगळ्यांत टोकदारपणे विचारला एका पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, पुलपिटवरून सांगायचं, देव सांभाळेल. आणि दारात उभं राहून लोकांच्या कपाळावर थर्मामीटर रोखायचा. हे ढोंग नाही का?"

त्यांची झोप उडालेली, छातीत धडधड, शनिवारी रात्री घास उतरत नाही. त्यात मंडळीतून दोन्हीकडून ओढाताण. एक सभासद रोज सकाळी न चुकता बायबलमधलं स्तोत्र 91 पाठवायचे: मरीला भिऊ नका, दारं उघडा. दुसऱ्या एका घरातून निरोप आला होता, कुणी दगावलं तर जबाबदार तुम्ही.

मी विश्वासाचा विषय आधी काढलाच नाही. उपासना सुरू करायची म्हणून नेमकं काय काय करता, एवढंच विचारलं. रात्री ते एकटेच चर्चमध्ये जायचे. खुर्च्यांमधलं अंतर टेपने मोजायचे, घरी येऊन आडवे झाले की एखादी रांग चुकली असेल असं वाटून पुन्हा किल्ली घेऊन निघायचे. गीतपुस्तकं एकेक करून सॅनिटायझरने पुसायचे, इतकी की पुठ्ठे फुगले आणि पानांच्या कडा वळल्या.

"आणि खिडक्या?"

"त्या बंदच असतात. बाहेरचा आवाज माईकमध्ये येतो."

क्वायर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, मात्र पहिल्याच रविवारी गाणार होतं, लोकांना हुरूप यावा म्हणून!

हा विषाणू हवेतून पसरतो. बंद जागेत, मोठ्याने गाताना तर जास्तच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट काउंटीत 10 मार्च 2020 रोजी एका गायकवृंदाची सुमारे अडीच तासांची तालीम झाली. 61 जण होते. त्यांतले 53 निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले, दोघे दगावले. हे सगळं पाळकसाहेबांनी वाचलेलं होतं. तरी हात गेले पुस्तकांकडेच. घाबरलेलं मन धोका कुठे आहे ते बघत नाही, राबायला कुठे मिळेल ते बघतं. खिडकी उघडायला एक मिनिट लागतं, त्यात काही केल्याचं समाधान नाही.

म्हणून त्यांना मी सांगितलं, काहीही करायला उठलात की आधी विचारा: याने धोका कमी होणार आहे, की फक्त माझी घालमेल? पहिल्यांदा टेप लावणं ही काळजी. रात्री बारा वाजता चौथ्यांदा लावणं ही भीतीची वेठबिगारी.

मग भरवशाकडे वळलो. "देवाकडून तुम्हाला नक्की काय हवंय?" ते बराच वेळ गप्प होते.

"कुणी आजारी पडू नये, एवढंच."

"आणि पडलंच तर?"

"तर त्याची इच्छा ओळखण्यात मी चुकलो, असं ठरेल."

म्हणजे मंडळीतल्या कुणाचा तरी ताप त्यांच्या पाळकपणाचा निकाल लावणार होता. असा करार देवाने कधी केला, ते मी विचारलं. करार एकतर्फी होता, हे लक्षात येऊन त्यांचं त्यांनाच हसू आलं. पुढचं तेच बोलले. बायबलमध्ये मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक म्हणतो, तेव्हा आधाराला हेच स्तोत्र 91 देतो. आणि येशूचं उत्तर, देवाची परीक्षा पाहू नको. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात यरुशलेमचा कोट बांधणारे लोक प्रार्थनाही करतात आणि रात्रंदिवस पहाराही ठेवतात. "यावर कितीदा उपदेश केलाय मी," ते म्हणाले. दुसऱ्यांना सांगितलेलं स्वतःला लागू करणं माणसाला जड जातं; समुपदेशकही त्याला अपवाद नाहीत.

बाकीचं कमिटीच्या बैठकीत उरकलं. तोवर सगळा निर्णय त्यांनी एकट्याच्या डोक्यावर घेतला होता. तो आता कमिटीने लेखी घेतला. खिडक्या उघड्या, सगळ्यांना मास्क, क्वायर बंद, उपासना आटोपशीर. घरी राहणाऱ्यांचा विश्वास तोकडा समजू नये, हे पाळकसाहेबांनी पुलपिटवरूनच सांगितलं. टेप आणि चर्चची किल्ली तरुण संघाकडे गेली. पहिल्या रात्री त्यांना ती मागून घ्यायचा फार मोह झाला होता म्हणे.

काही आठवड्यांनी उपासनेला आलेल्या एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. संसर्ग चर्चमध्येच झाला की बाहेर, कळायला मार्ग नव्हता. पाळकसाहेबांचा फोन आला. आवाज कापत होता, पण 'मी कुठे चुकलो' हे काही त्यांनी विचारलं नाही; मंडळीला द्यायची सूचना वाचून दाखवली. तीत एक वाक्य होतं: 'देवाच्या कृपेने बाकी सर्व सुखरूप आहेत.' लक्षणं दिसायला 14 दिवसांपर्यंत लागू शकतात, मग हे आजच कसं ठरवलं, मी म्हटलं. त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'पुढचे दोन रविवार एकत्र उपासना होणार नाही. ताप, खोकला आला किंवा वास येईनासा झाला तर लगेच कळवा. प्रार्थनेसाठी केव्हाही फोन करा.'

"केव्हाही?" मी विचारलं.

त्यांनी तेही खोडलं. 'रात्री दहापर्यंत. तातडीचं असेल तर त्यानंतरही.'