फिल्टर कुठं ठेवायचे?

प्रश्न: एम.ए. भूगोलासाठी मलप्रभेच्या वरच्या खोऱ्याचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये करते आहे. रास्टर म्हणजे चौकटींचा नकाशा, प्रत्येक चौकटीत (पिक्सेलमध्ये) एक आकडा. ते आकडे शेजार बघून साफ करणारे फिल्टर चार ठिकाणी विखुरलेत. सीव्ह रास्टर मेनूत, आर.नेबर्स ग्रासमध्ये, गाउसियन सागात (ग्रास आणि सागा हे क्यूजीआयएसमधून चालणारे दुसऱ्यांचे टूलसंच). सगळे एका मेनूत आणता येतील का?
— एक वाचक, जांबोटी

उत्तर: येतात की. सेटिंग्ज, ऑप्शन्स, प्रोसेसिंग, आणि त्यात ‘मेनूज’. तिथं प्रत्येक टूलला मेनूचा मार्ग लिहून देता येतो. ‘फिल्टर/उंची’ लिहिलंत की फिल्टर नावाचा मेनू आणि त्यात उंचीचा उपमेनू तयार. टूलबारवर बटण हवं असेल तर त्याची खूणही तिथंच करायची. मग क्यूजीआयएस बंद करून परत उघडा. माझ्याकडं शिकायला येणारी पोरं नेमकी इथं अडतात आणि ‘सर, होईना झालंय’ म्हणून हाक मारतात.

पण सगळे फिल्टर एकत्र कोंबू नका. आत्ताची मांडणी टूल कुणी बनवलं यावर आहे. त्यांच्या घराण्याशी आपल्याला काय करायचंय? रास्टरमध्ये काय भरलंय, त्यावरून दोन उपमेनू करा.

पहिला उंचीचा. तुम्ही बहुतेक एसआरटीएमची उंची घेतली असणार, फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळातल्या शटलवरच्या रडारनं मोजलेली. कणकुंबी-जांबोटीच्या दाट रानात त्या रडारला जमिनीपेक्षा झाडांचे शेंडेच जास्त दिसले, म्हणून उंची खडबडीत येते. तिथं आर.नेबर्समधून मीडियन (शेजारच्या आकड्यांतला मधला) चालवा, खिडकी 3 ची, म्हणजे एका वेळी 3 बाय 3 पिक्सेल बघायचे. पिक्सेल 30 मीटरचा, म्हणजे 90 मीटरचा चौकोन झाला. 7 ची घेतलीत तर 210 मीटर, आणि ज्या ओढ्यांसाठी खटाटोप चाललाय तेच बुजतील.

दुसरा वर्गांचा, म्हणजे जिथं आकडा जमिनीचा प्रकार सांगतो. समजा 1 म्हणजे रान, 2 पाणी, 3 भात. 1 आणि 3 ची सरासरी 2, झालं, रानाच्या कडेला तळं उगवलं! आर.नेबर्समध्ये मेथड आपोआप ॲव्हरेजच असते, म्हणून हे फार होतं. इथं मोड हवा, म्हणजे शेजारात सगळ्यांत जास्त वेळा येणारा आकडा. लहान ठिपके शेजारच्या वर्गात मिसळणारं सीव्हही याच उपमेनूत टाका, पण त्याचा आपोआप येणारा 10 चा आकडा बघून घ्या. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या 10 मीटर पिक्सेलवर 10 पिक्सेल म्हणजे जवळजवळ 10 गुंठे. त्याहून लहान खाचर सुटं असेल तर ते शेजारच्या रानात जमा होतं. मी 3-4 वर आणतो.

आता अडचण अशी की आर.नेबर्स दोन्हीकडं लागतं, आणि एका टूलला मार्ग एकच. त्यावर तोड म्हणजे क्यूजीआयएसच्याच मॉडेल डिझायनरमध्ये दोन छोटी मॉडेलं करा, म्हणजे ठरलेल्या सेटिंगची आपली टूलं. एकात मीडियन पक्कं, दुसऱ्यात मोड पक्कं. नावं मराठीत ठेवा, ‘उंची साफ’, ‘वर्ग साफ’. मॉडेललाही मेनूत जागा देता येते.

हिलशेड (डोंगरांच्या सावल्या), उतार ही टूलं आहेत तिथंच राहू द्यात. सागाचा गाउसियन मी तरी घेणार नाही. नव्या आवृत्त्यांत सागा प्लगिन घालून आणावं लागतं, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये ते कोण घालून देणार? मॉडेलांच्या फाइली मात्र पेनड्राइव्हवरून लॅबमध्ये नेता येतात. मेनूची मांडणी तिथं एकदा नव्यानं करावी लागेल.