‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव…’ ही ओळ कुठून आली आणि तिचा अर्थ काय

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझंच तरुणपण आठवलं. तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला नागपूरच्या सदरमधल्या कॅथलिक चर्चमध्ये गेलात. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, सुरू झाली, ‘वाइटापासून सोडव’ म्हणून सगळे थांबले आणि तुमचा एकटीचाच आवाज ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत’ म्हणत पुढे गेला. मग घरी येऊन बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडला, तर ती ओळ कंसात! आता तुम्ही विचारता की ती प्रभूने शिकवलेली आहे की मागाहून जोडलेली, आणि ती म्हणायची तरी कशासाठी.

आधी लाज काढून टाका. ओळ तुम्ही बरोबरच म्हटलीत, फक्त जरा लवकर म्हटलीत. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, ‘सोडव’नंतर फादर एकटे एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे मिळून हीच ओळ म्हणतात. 1969 साली पोप सहावे पॉल यांनी मिस्साचा नवा विधी जाहीर केला, तेव्हा ती तिथे आली. पुढच्याच वर्षी, 29 नोव्हेंबर 1970 रोजी, आपल्या नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तिथल्या मंडळीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती ओळ प्रार्थनेपासून वेगळी काढताच येत नाही, इतकी ती जिभेवर बसली आहे.

आता कंसाचं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत, म्हणजे चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत, ही ओळ नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातली प्रार्थना तर आणखी आखूड आहे, तिथेही नाही. तर्तुलियन, ओरिजेन, सिप्रियन या मंडळीच्या सुरुवातीच्या लेखकांनी या प्रार्थनेवर सविस्तर लिहिलं, पण या ओळीवर काही लिहिलं नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध प्रवचनकार योहान क्रिसोस्टम मात्र तिच्यावर प्रवचन करतो.

एवढ्यावरून ‘मागाहून घुसडली’ म्हणणारे मला पटत नाहीत. ‘दिदाखे’ नावाचं मंडळीच्या आचाराचं एक फार जुनं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. त्यात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलंय, आणि शेवटी ‘सामर्थ्य व गौरव सर्वकाळ तुझी आहेत’ असं आहे. ‘राज्य’ हा शब्द तेवढा तिथे नाही. म्हणजे ग्रंथात नसली तरी भक्तांच्या तोंडी ही स्तुती अगदी आरंभापासून होती. यहूदी लोकांत प्रार्थना स्तुतीने बंद करण्याची रीतच होती. बायबलमधलं विलापगीत वाचून झालं की त्याच्या शेवटच्या दुःखी वचनानंतर ते त्याच्या आधीचं आशेचं वचन पुन्हा म्हणतात, वाईट शब्दावर थांबत नाहीत. ग्रीकमध्ये प्रभूच्या प्रार्थनेचा अगदी शेवटचा शब्द ‘वाईट’ हा आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आपण ‘सोडव’वर थांबतो, आणि ते अडखळणं आपल्याला जाणवत नाही. मूळ भाषेत म्हणणाऱ्यांना ते नक्कीच जाणवलं असेल.

शब्द मात्र त्यांनी हवेतून आणले नाहीत. जुन्या करारातलं ‘पहिला इतिहास’ हे पुस्तक, अध्याय 29 काढा. मंदिरासाठी लोकांनी सोनं, रुपं, लोखंड, रत्नं आणून दिली आहेत आणि म्हातारा दावीद राजा सगळ्यांसमोर प्रार्थना करतोय. राज्य तुझं, पराक्रम तुझा, वैभव तुझं. आणि पुढे म्हणतो की तुझ्याच हातचं घेऊन आम्ही तुला दिलं. ढीगभर दान समोर असताना देणारा माणूस असं बोलतो, हे मला फार मोठं वाटतं.

पण माझ्यासाठी या ओळीतले सगळ्यात महत्त्वाचे शब्द ‘कारण की’ हे आहेत. साबाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या शाळेत, शिकवत असताना एका मुलाने मला विचारलं होतं, “सर, मागून तर झालं, मग कारण कशाचं?” तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आपण कचेरीत अर्ज करतो तेव्हा कारण म्हणून आपली गरज लिहितो: मी गरजू असून, घरी कमावतं कोणी नसून. या प्रार्थनेत भाकर मागितली, क्षमा मागितली, सुटका मागितली, आणि कारण मात्र आपल्याबद्दल एकही दिलं नाही. आमची पात्रता नाही, आमची हलाखीसुद्धा नाही. तू राजा आहेस, तुझ्या हाती सामर्थ्य आहे, म्हणून तुझ्याकडे मागतो. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका जुन्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, हाच अर्थ सांगितला आहे. त्या मुलाला मी हे पुढच्या रविवारी सांगितलं.

आणि ‘गौरव’. आज हा शब्द शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात अडकलाय. पण तो ‘गुरु’पासून आला आहे, गुरु म्हणजे जड. इब्री भाषेत देवाच्या गौरवाला ‘काबोद’ म्हणतात, आणि त्याचंही मूळ जडपणातच आहे. ग्रीक ‘डोक्सा’चा पहिला अर्थ नुसता ‘मत’ असा होता, म्हणजे इथे आपली मराठी मूळ इब्रीच्या जास्त जवळ जाते. आपण म्हणतोच ना, अमक्याच्या शब्दाला वजन आहे? ‘गौरव तुझं’ म्हणजे शेवटी वजन तुझ्या शब्दाला, सरकारच्या, सावकाराच्या किंवा डॉक्टरच्या रिपोर्टच्या शब्दाला नाही. आई मिशन दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळीला जाण्याआधी ती ही ओळ इतकी सावकाश म्हणायची की आम्हा मुलांना कंटाळा यायचा. आता मीही तशीच म्हणतो.

राहिला ‘आमेन’. इब्रीत त्याच्या मुळाशी पक्केपणा आहे, टेकता येईल असा. तो मंडळीचा शब्द आहे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला विचारतो की तुमचं बोलणं समजलंच नाही, तर साधा माणूस त्याला आमेन कसं म्हणणार (पहिलं पत्र, 14:16). अलीकडे बऱ्याच ठिकाणी पाळकसाहेबच माइकवर आमेन म्हणून मोकळे होतात आणि बाकावर शांतता असते, याचं मला वाईट वाटतं.

लग्नाला पुन्हा गेलात तर ‘सोडव’ म्हणून थांबा, फादरची प्रार्थना ऐका, आणि मग मोठ्याने म्हणा. रोझरीत, म्हणजे कॅथलिकांच्या जपमाळेच्या प्रार्थनेत, मात्र ही ओळ नसते, तिथे थेट आमेन.