टाळ्या वाजवणाऱ्यांची दौड

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा, दोन्ही नीट वाचलं. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यात मजेची दौड घ्यायची, जमलं तर पुढे नवीन वर्षाला आणि संक्रांतीलाही घ्यायची, हा विचार मला मनापासून आवडला. आराखड्याबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. दहा किलोमीटरचा गट, वयोगटानुसार बक्षिसं, वेळ मोजणारी चिप, पहिल्या तिघांना रोख रक्कम, हे सगळं शर्यतीचं सामान आहे. तुला शर्यत घ्यायची नाही, असं तूच पहिल्या ओळीत लिहिलं आहेस. मग हे आजच काढून टाक.

साताऱ्यात पळणाऱ्यांची कमी नाही. २०१२ पासून इथली हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढते. आपल्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी पळाली आणि दहावी आली. पळणाऱ्यांसाठी वाटा आहेत, त्यांची सोय होते. तू हाफ मॅरेथॉनच्या सकाळी रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं आठव. नातवाला कडेवर घेतलेले आजोबा, घरचं आवरून धावतपळत आलेल्या बायका, शटर अर्धं उघडून बाहेर आलेला दुकानदार. ही माणसं दर वर्षी मनापासून टाळ्या वाजवतात आणि आपण कधी पळू असं त्यांच्या मनातही येत नाही. सणाची दौड त्यांची आहे. अंतर, वेळ, वाट, फी, काहीही ठरवताना एकच विचार कर, की त्या आजोबांना हे जमेल का.

आधी दिवस. दिवाळीची दौड म्हणून नरक चतुर्दशीची पहाट घेशील तर कोणी येणार नाही, कारण त्या वेळी घराघरात अभ्यंगस्नान आणि फराळाची गडबड असते. लक्ष्मीपूजनानंतरची सकाळ तर अजिबात नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली, पण थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जागची हलत नाही आणि धूर सकाळपर्यंत तिथेच कोंडून राहतो. दम्याच्या माणसाला त्या हवेत पळवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. माझं मत विचारशील तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घे. पुण्या-मुंबईची मंडळी अजून घरी असतात, डब्यात फराळ असतो, आणि मुख्य म्हणजे पोरांचे किल्ले अजून उभे असतात.

या किल्ल्यांवर मला जरा सविस्तर लिहायचं आहे. तू आराखड्यात 'थीम : दिवे' असं लिहून पुढे टी-शर्टवर पणतीचं चित्र सुचवलं आहेस. अशी चिकटवलेली कल्पना माणसाला घरातून बाहेर काढत नाही. सणाला घरात आधीपासून जे चाललेलं असतं, त्यातून दौड निघाली पाहिजे. आपल्याकडे दिवाळीत दारादारात माती कालवली जाते, गोणपाट चिखलात बुडवून कडे उभे होतात, अळीव पेरून हिरवळ उगवते, मावळ्यांच्या जागांवरून भांडणं होतात. आणि हे बघायला चार शेजारी सोडले तर कोणी येत नाही. तुझी दौड तिथे ने.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बारा गल्ल्या निवड आणि चिठ्ठ्या टाकून प्रत्येकीला एकेक किल्ला दे. ज्यांना जलदुर्ग येतील ती पोरं पाणी कसं साठवायचं याचा आठवडाभर खल करतील. ज्यांना जिंजी येईल, त्यांना राजाराम महाराज तिकडे का गेले आणि तिथून राज्य कसं चाललं हे वाचावं लागेल. प्रतापगड आपल्या जिल्ह्यातला, त्यामुळे त्या चिठ्ठीवरून भांडण होणार हे धरून चाल. दौडीच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात बारा चौकोनांचं कार्ड दे. किल्ल्यापाशी थांबायचं, पोरगं दोन वाक्यांत माहिती सांगेल, शिक्का मारेल, पुढे निघायचं.

यात फक्त गंमत नाही. न पळणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त लाज वाटते ती दम लागून मध्येच थांबण्याची. इथे प्रत्येकालाच थांबायचं आहे. तीन किलोमीटरमध्ये बारा थांबे म्हणजे सरासरी अडीचशे मीटरला एक विसावा झाला, आणि तोही मान खाली न घालता. पळणारा आणि चालणारा दोघंही राजगडासमोर शेजारी उभे राहतात. वेळ मोजायचीच नाही, मग मागे राहणं उरतच नाही.

एक अडचण येईल. तीनशे माणसं एकदम सोडलीस तर पहिल्याच किल्ल्यापाशी गल्ली तुंबेल. पंचवीसच्या बारा तुकड्या कर आणि तीन तीन मिनिटांनी सोड. सातला पहिली निघाली तर शेवटची सात तेहेतीसला निघते. तोवर बाकीच्यांना थंडीत ताटकळत ठेवू नकोस. लेझीमवाली पोरं बोलव, हात-पाय मोकळे करून घे. आणि किल्ल्याजवळ उभी राहून शिक्के मारणारी मुलं स्वतः पळायची राहतात, त्यांच्यासाठी शेवटी एक वेगळी फेरी ठेवच. तिला मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

वाट गांधी मैदानावरून सुरू कर. नवखा माणूस सुरुवातीला ताजा असतो, म्हणून चढ आधी आणि उतार नंतर हा नियम धर. राजवाड्याकडून राजपथाने पोवई नाक्याकडे उतरत गेलीस तर परतीचा चढ थकलेल्या पायांवर येईल. त्यापेक्षा आधी समर्थ मंदिराकडे चढ आणि मग चिमणपुरा, मंगळवार पेठ अशा गल्ल्यांतून उतरत मैदानावर ये. नकाशावर बोट फिरवून ठरवू नकोस. त्याच वेळी, सकाळी सातला, स्वतः चालत जा. कुठे दूधवाले थांबतात, कुठे फरशी निसटली आहे, कोणत्या वळणावर कुत्र्यांची टोळी बसते, हे चालल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी त्याच गल्लीतला स्वयंसेवक उभा कर. परक्या पोराने गाडी अडवली तर वाद होतो, तिथल्याच काकूंनी हात केला की गाडी आपोआप थांबते.

परवानगीचा अर्ज महिनाभर आधी दे. पोलीस ठाणं, वाहतूक शाखा, नगरपालिका या तिन्ही ठिकाणी वाटेचा नकाशा, वेळ, माणसांचा अंदाज आणि जबाबदार व्यक्तीचा फोन द्यावा लागेल, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यायची. पहाटे पाचपासून गाणी लावायचं तू लिहिलं आहेस, ते होणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असतो. सहानंतरसुद्धा मैदानापुरताच आवाज ठेव. पेठांमध्ये आजारी माणसं असतात, तान्ही मुलं असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हाफ मॅरेथॉनला येणारा माणूस महिनोन्महिने सराव करून येतो. तुझ्याकडे येणारा आठवडाभर फराळ खाऊन, गप्पांमध्ये जागरण करून, उपाशीपोटी येईल आणि मुलाने आव्हान दिलं की जिवाच्या आकांताने पळत सुटेल. पन्नाशीतल्या अशा माणसाची मला जास्त काळजी वाटते. नोंदणीच्या फॉर्मवर रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, चढताना छातीत दुखणं याबद्दल साध्या मराठीत विचार. 'हो' लिहिणाऱ्याला नकार देऊ नकोस. त्याला डॉक्टरांना विचारून ये म्हण आणि फक्त चालायला सांग. छातीवरच्या कागदावर क्रमांकापेक्षा नाव मोठं लिही. मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा फोन. एखाद्या रुग्णालयाला विनंती करून रुग्णवाहिका आणि डॉक्टर मैदानावर उभे ठेव. १०८ ची सेवा आहेच, पण ती सगळ्या जिल्ह्यासाठी आहे, तुझ्या मैदानावर ती आधीपासून उभी असेल असं धरून चालू नकोस.

स्वयंसेवकांना एक दिवस डॉक्टरांकडून छाती दाबायचं (सीपीआरचं) शिक्षण दे. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट घेत नाही, तर छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाला निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. सरावाच्या पुतळ्यावर प्रत्यक्ष केलं तरच हाताला वेग कळतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी आलेल्याची साखर उतरू शकते, म्हणून प्रत्येक पाणपोईवर साखर आणि बिस्किटं ठेव. प्लॅस्टिकचे पेले आणू नकोस, महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे. स्टीलचे पेले, पाण्याचे जार आणि धुवायला दोन माणसं एवढं पुरतं. सगळ्यांच्या मागे दोन दमदार स्वयंसेवक चालत ठेव. शेवटच्या माणसाच्या मागे त्यांनी राहायचं, त्याच्याशी गप्पा मारायच्या, घाई करायची नाही. आणि तो मैदानात येईपर्यंत मंडप उतरवायचा नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. टी-शर्ट नको. तिथेच निम्मा खर्च जातो आणि मापं चुकतात. दिवाळीत सगळ्यांकडे नवे कपडे असतात, तेच घालून येऊ देत. मोठ्यांना पन्नास रुपये, मुलांना फुकट. पदकाऐवजी शिक्क्यांचं कार्ड घरी जाईल. शेवटी लाडू-चिवडा दे आणि तो बचत गटाकडून रोख पैसे देऊन घे, फुकट मागू नकोस. एखाद्या कामासाठी निधी द्यायचा असेल तर कोणाला देणार हे नोंदणीआधीच जाहीर कर आणि आठ दिवसांत जमाखर्च लिहून राजवाड्यापाशी लाव.

माणसं कमी आली तर काय, असं तू विचारलं आहेस. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला गावोगावी अशा दौडी होतात. त्यातली बफेलो शहरातली सगळ्यात जुनी, १८९६ ची. पहिल्या वर्षी सहा जण होते. ती अजून चालू आहे आणि आता हजारो लोक चित्रविचित्र वेश करून तिथे पळतात. तुझ्याकडे साठ माणसं आली तरी बाराच्या बारा किल्ले बघितले जातील.

नवीन वर्षाची दौड या वर्षी घेऊ नकोस. ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये १९२५ पासून ३१ डिसेंबरला पळतात, ते तिथे शोभतं. आपल्याकडे त्या दिवसांत महाबळेश्वर-पाचगणीकडे गाड्यांची रीघ असते, पोलीस बंदोबस्तात असतात. त्यांच्यावर आणखी भार टाकणं बरोबर नाही.

संक्रांतीची मात्र जरूर घे, आणि ती बायकांसाठी घे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाला बायका एकमेकींकडे जातातच. पण वेळ सकाळची ठेवू नकोस. सकाळी डबे असतात, पाणी भरायचं असतं, मुलांना शाळेत धाडायचं असतं. दुपारी साडेचारला घे, उजेड सहापर्यंत भरपूर असतो. दोन किलोमीटर पुरे. रहदारी नको म्हणून क्रीडा संकुलाचं मैदान मिळतं का बघ. काळी साडी, काळा ड्रेस, जे असेल ते. साडीत चालणाऱ्यांसाठी वाट सपाट हवी. शेवटी पदकाच्या जागी वाण दे, रोज वापरता येईल असं.

आणि एक अट माझी म्हणून धर. पत्रकावर हळदी-कुंकू हा शब्द लिहू नकोस, तिळगूळ लिही. ज्यांना आयुष्यभर या समारंभाच्या दाराबाहेर ठेवलं, त्या विधवा बायकांना पत्रक वाचून आपल्याला बोलावलं आहे की नाही असा प्रश्न पडता कामा नये. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तू ठराव करत बसू नकोस. त्यांच्या घरी स्वतः जा, नोंदणी करून घे, आणि दौडीला झेंडा दाखवायचा मान त्यांच्यातल्याच एकीला दे. पुढाऱ्याला बोलावण्यापेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

आता कामाला लाग. दसऱ्याच्या आत बारा गल्ल्या ठरल्या पाहिजेत, नाहीतर पोरांना माती आणायला वेळ मिळणार नाही. गल्लीत गेलीस की आधी मुलांशी बोल, मग मोठ्यांशी. मुलं तयार झाली की आई-वडील येतातच. अर्जाचा मसुदा आणि वाटेचा नकाशा घेऊन रविवारी घरी ये. नकाशावर पाणपोया आणि डॉक्टर कुठे उभे राहणार ते पेन्सिलीने मांडून आण, पेनाने नको. बसून पुन्हा बघू.

अनेक आशीर्वाद.

तुझे सर