आंबा घाटासाठी टर्बो हॅचबॅक बरी की जुनी बिनटर्बोची सेडान?

प्रश्न: रत्नागिरीत राहतो. महिन्यातून दोनदा आंबा घाटातून कोल्हापूरला जातो, बहुधा एकटाच. बजेट साडेअकरा लाख. चालवायला मजा येईल अशी गाडी हवी. नवी एक लिटर टर्बो हॅचबॅक घ्यावी की वापरलेली दीड लिटर बिनटर्बोची सेडान?

उत्तर:

दोन्हींशी संसार करून झालाय, म्हणून लिहायचं धाडस करतो. मी चिपळूणचा, माझा घाट कुंभार्ली. सेकंडहँड घेतलेली फोक्सवॅगनची बिनटर्बोची पोलो १.६ सहा वर्षं चालवली. गेली चार वर्षं एक लिटरची टर्बो हॅचबॅक दारात आहे (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा).

उत्तर आधीच देऊन टाकतो. खरंच एकटे जात असाल आणि गिअर बदलायचा कंटाळा नसेल, तर वापरलेली दीड लिटर घ्या. मागच्या सीटवर नेहमी माणसं आणि डिकीत सामान असणार असेल, तर टर्बो. आता कारण जरा सविस्तर सांगतो, कारण शोरूममध्ये तोंडावर फेकतात ते आकडे नेमके ह्याच प्रश्नात फसवतात.

पोलोचंच घ्या. २०१० साली ती इथे आली तेव्हा १.६ लिटरचं साधं, म्हणजे बिनटर्बोचं, इंजिन मिळायचं, १०५ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती). २०१३ मध्ये जीटी टीएसआय आली, तिच्यात १.२ लिटरचं टर्बो इंजिन. तेही १०५ पीएसचंच. गाडी तीच, ताकद तीच, मग फरक काय? माझ्या मित्राकडे जीटी टीएसआय होती, आणि आम्ही दोघं पोफळीहून हेळवाकपर्यंत पुढेमागे गेलो की तो चढाला माझ्यापासून सहज सुटायचा. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून, इंजिन ओरडवून त्याला गाठेपर्यंत पुढचं वळण यायचं. त्याचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक होता, तो त्याचं काम गुपचूप करायचा, हेही एक कारण. पण खरं कारण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ. माझ्या १.६ चा टॉर्क १५३ न्यूटन-मीटर, तोही काटा मिनिटाला ३८०० फेऱ्यांच्या (आरपीएमच्या) आसपास गेल्यावर. त्याचा १७५, आणि तो जेमतेम १५०० आरपीएमपासून ४१०० पर्यंत सपाट, पठारासारखा. १०५ हा आकडा दोन्ही इंजिनं शेवटी गाठतात, पण घाटात त्या शेवटापर्यंत जातो कोण?

ह्यामागचा हिशेब सोपा आहे. साध्या इंजिनाला पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच मिळते. बाहेरच्या हवेचा दाब हेच त्याचं कुंपण. म्हणून ह्या इंजिनांचा टॉर्क लिटरमागे साधारण शंभर न्यूटन-मीटरभोवतीच घोटाळतो, कंपनी कुठलीही असो. होंडा सिटीचं दीड लिटर १४५ देतं. माझदाची एमएक्स-५, जी जगभर परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचा नमुना मानतात, ती दोन लिटरला २०५. टोयोटाची जीआर८६ २.४ लिटरला २५०. होंडाच्या एस२०००चं दोन लिटरचं इंजिन दंतकथा झालंय, जपानात ते २५० पीएसचं होतं. त्याचाही टॉर्क २१८च. मग २५० पीएस आले कुठून? काटा ८३०० पर्यंत फिरवून. ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे; पीळ वाढवता येत नसेल तर फेरे वाढवायचे, एवढाच मार्ग ह्या इंजिनांकडे असतो.

टर्बो हे कुंपण ओलांडतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. ह्यामुळे एक लिटरमधून १७२ न्यूटन-मीटर निघतात, ह्युंदाईच्या आय२० एन लाइनसारखे. आपल्याकडे कधीच न आलेली सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट बघा: आधीची १.६ लिटर साधी, १३६ पीएस आणि १६० न्यूटन-मीटर. २०१७ ची १.४ लिटर टर्बो, १४० पीएस आणि २३०. ताकद चारने वाढली, पीळ सत्तरने. आधीचीला पूर्ण ताकदीसाठी ६९०० आरपीएम लागायचे, नवीला ५५०० पुरतात. आणि तरी जुनी स्विफ्ट स्पोर्ट चालवलेली माणसं तिची आठवण काढतात. का काढतात, ते मला टर्बो घेतल्यावर कळलं.

कुंभार्लीच्या आखूड वळणात शिरताना पाय एक्सलेटरवरून निघतो. धूर कमी होतो, टर्बोचा पंखा मंदावतो. वळणाच्या मध्यावर गाडी बाराशे-तेराशे आरपीएमवर असते. तिथे पाय दाबला की आधी काहीच होत नाही. त्या क्षणी तुमच्या हातात निव्वळ हजार सीसीची, एसी चालू असलेली गाडी असते. एक सेकंद, कधी दीड. मग पंखा जोर धरतो आणि सगळा पीळ एकदम चाकावर येतो, नेमका तेव्हा जेव्हा स्टिअरिंग अजून सरळ झालेलं नसतं. सुरुवातीचे सहा महिने मी ह्या गाडीत प्रत्येक वळण दोनदा घेत होतो: एकदा मनात, एकदा रस्त्यावर.

उन्हाळ्यात ह्याची फक्त चीड येते. जुलैत प्रकरण वेगळं. घाटातल्या झाडांखालचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, कडेला शेवाळ, मध्ये वरून वाहून आलेली लाल माती. अशाच एका डावीकडच्या वळणावर पुढची दोन्ही चाकं जागेवर फिरली, डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकला, आणि गाडी माझ्या मनात होतं त्याच्या हातभर बाहेर गेली. समोर काही नव्हतं म्हणून हे लिहायला बसलोय. चूक माझीच, पाय जास्त पडला. पण पोलोत तोच पाय तेवढाच पडला असता तर तेवढंच मिळालं असतं, जितकं मागितलं तितकं, मागितलं त्या क्षणी. साध्या इंजिनाची मजा म्हणतात ती हीच. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना एक्सलेटरला हलकी टिचकी द्यायची, काटा चार हजारावर बसवायचा आणि वळणातून बाहेर पडेपर्यंत पायाच्या अंगठ्याने गाडी चालवायची. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर कळतो, काटा बघावा लागत नाही.

आता टर्बोच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर पक्षपात होईल. मे महिन्यात पुण्याला जाताना आमच्या गाडीत आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी आणि डिकीत आंब्याच्या चार पेट्या. पोलो दुसऱ्यातच, काटा पाच हजारावर. सासूबाई मागून विचारायच्या, "अहो, हिला काय दुखतंय का?" आज तोच संसार घेऊन टर्बो तिसऱ्यात, दोन हजारावर, गप्पा मारत चढते. बायकोच्या मते आमच्या घरातला हा वाद त्याच दिवशी संपला. हायवेवरही तेच. एका लेनच्या पट्ट्यात एसटीच्या मागे अडकलात आणि दोनशे मीटर मोकळे दिसले, तर टर्बोला गिअर न बदलता तो खेळ जमतो. साध्या गाडीत आधी ठरवावं लागतं, मग गिअर, मग जाणं, आणि तोवर समोरून डंपर येतो.

हवेचीही एक गंमत आहे. उंचीवर हवा विरळ होते, शंभर मीटरला अंदाजे एक टक्का. म्हणजे आंबा घाटात वर पोहोचेपर्यंत साधं इंजिन सहा-सात टक्के दमलेलं असतं. टर्बो थोडी जास्त हवा दाबून ती तूट भरून काढतं. पण खाली किनाऱ्यावर वेगळंच. आपल्याकडे जूनमधल्या एखाद्या दुपारी ३३ अंश आणि ८० टक्के दमटपणा असला तर हवेतला जवळपास चार टक्के वाटा नुसत्या वाफेचा असतो, तेवढा प्राणवायू कमी. हे दोन्ही इंजिनांना सोसावं लागतं. त्यात टर्बोने दाबलेली हवा तापते, ती थंड करायला इंटरकूलर लागतो, आणि इंटरकूलरला समोरून वारा लागतो. ट्रकच्या मागे दहाच्या स्पीडने वीस मिनिटं सरपटत गेलात की वारा नाही. मग ट्रकवाला बाजू देतो, तुम्ही पाय दाबता, आणि इंजिन स्वतःला वाचवायला हात आखडता घेतं. ऐन वेळी पिकअप मेलेला असतो. लाखभर रुपये जास्त मोजून घेतलेला पिकअप!

तुम्हाला पडलेला हा प्रश्न मुळात सरकारी कराने जन्माला घातलाय, हेही सांगायला हवं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आला. तेव्हापासून छोट्या गाडीत १.३, १.६ ही इंजिनं देणं धंद्याला परवडेनासं झालं. स्विफ्टसुद्धा १.३ वरून १.२ वर आली. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ह्या छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि ती रेषा ओलांडणाऱ्यांना ४० टक्के. हजार-बाराशे सीसीत जोर हवा असेल तर टर्बोशिवाय दुसरा रस्ता उरतच नाही. म्हणूनच तुम्हाला ‘नवी टर्बो की जुनी साधी’ असं विचारावं लागतंय. ‘नवी साधी, जोरदार, छोटी’ ही गाडी दुकानातून उठलीच आहे.

खर्चाचं थोडक्यात. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्या ग्रेडचंच, इथे काटकसर नको. आंब्याला वर चढून चहाच्या टपरीपाशी थांबलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा, नाहीतर तापलेल्या टर्बोतलं ऑइल करपतं. काही नव्या गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही टर्बो थंड करणाऱ्या पाण्याचा पंप फिरत राहतो, तिथे काळजी कमी. माझ्या गाडीत तिसऱ्या वर्षी हवा नेणारा रबरी पाइप फाटला, पिकअप गेला, आणि आमच्याकडच्या एका गॅरेजवाल्याने टर्बोच बदलायचा हिशेब हातात ठेवला. दुसऱ्याने बॉनेट उघडून सुस्कारा कुठून येतोय ते कान लावून ऐकलं आणि पाइप बदलला. साध्या इंजिनात असा घोळ घालायला जागाच कमी. अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर टर्बो हळू चालवली तर देते, आणि तुम्ही मजेसाठी घेताय, म्हणजे देणार नाही.

तुमच्यासाठी म्हणून मी दीड लिटर म्हणतो ते ह्या सगळ्यामुळे: तुम्ही एकटे, डिकी रिकामी, वाट ओळखीची. एकट्या माणसाच्या वजनाला १४५ न्यूटन-मीटर भरपूर झाले, आणि पाच-सहा हजारापर्यंत इंजिन खेचायचं सुख दुसऱ्या गिअरमध्ये ऐंशीच्या आतच मिळतं. महामार्गाच्या चौपदरीचं काम पूर्ण झालं की घाटाच्या पायथ्याच्या साखरप्यापर्यंतचा रस्ता कुठलीही गाडी कापेल. तुमची मजा घाटातल्या वळणांतच उरणार आहे. एक गैरसोय मात्र सोसावी लागेल. सेडानचं पोट खाली असतं. जयगड-तवसाळ फेरीबोटीत चढवताना ओहोटी असेल तर माणसं उतरवून, तिरकी घालून चढवा.

पैसे देण्याआधी दोन्ही चालवा, पण शोरूमवाला नेईल त्या सपाट रस्त्यावर नको. आरे-वाऱ्याच्या चढाला न्या. एसी चालू, दुसरा गिअर, काटा बाराशेपर्यंत पडू द्या, मग पाय पूर्ण दाबा आणि मनात आकडे मोजा. टर्बो कुठल्या आकड्यावर जागी होते ते बघा. लगेच तिसऱ्यात, अडीच हजारावरून हेच करा. तिथे ती तुम्हाला मोहात पाडेल. मग सेडान घ्या आणि तिला साडेपाच हजारापर्यंत न्या. हा आवाज तुम्हाला आवडतोय की नकोसा होतोय, एवढं स्वतःला खरं सांगा.

आणि सेडान शोधताना एमएच ०८ च्या, म्हणजे आपल्या रत्नागिरी पासिंगच्या, नादी लागू नका, कितीही कमी चाललेली असली तरी. खारा वारा कोणाचं ऐकत नाही. कोल्हापूरला जातच आहात, तर एमएच ०९ पासिंगची बघा, गाडी रॅम्पवर चढवायला लावा आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली जा: मागच्या चाकांच्या वरचा पत्रा, सायलेन्सरचे हँगर, सस्पेन्शनचे बोल्ट. तिथे पापुद्रे सुटलेले दिसले तर इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी चहा पिऊन परत या.