ख्रिसमस ट्री आणि मार्गशीर्षातला गुरुवार

श्टुटगार्टजवळच्या एका गावातून एका आईनं लिहिलंय:

"ताई, आम्हाला जर्मनीत येऊन चार वर्षं झाली. मुलगी सहा वर्षांची आहे, यंदा पहिलीत गेली. सप्टेंबरात दुकानात लेबकूखनचे, म्हणजे नाताळच्या मसालेदार बिस्किटांचे, ढीग लागले, तेव्हापासून तिनं एकच धोशा लावलाय, आपल्याकडे पण झाड हवं. नोव्हेंबरच्या शेवटी सासूबाई साताऱ्याहून येताहेत. त्या मार्गशीर्षातले गुरुवार करतात. फोनवर झाडाचा विषय निघाला, तेव्हा एवढंच म्हणाल्या, 'आपल्या घरात हे कशाला?' नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा. मुलीला नाही म्हणायचं जिवावर येतं. आणि झाड आणलं तर आपलं सगळं हळूहळू मागे पडेल अशी भीतीही वाटते. काय करू?"

झाड आण. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको. पण तुला वाटणारी भीती खोटी नाही. ती मीही अनुभवली आहे, आणि तिच्यावरचा उपाय डिसेंबरात सापडत नाही. तो दिवाळीच्या आधी करायचा असतो, म्हणून तुझं पत्र आत्ता आलं याचा मला आनंद झाला.

माझा मुलगा दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. वर्गात प्रत्येकानं आपल्या घरच्या सणांबद्दल लिहायचं होतं. बाईंनी पालकसभेत मला त्याचा कागद दाखवला. वर दिवाळी होती: "आम्ही नवे कपडे घालतो. गाडीनं हॉलमध्ये जातो. तिथे खूप माणसं असतात. आई फोटो काढते." एवढ्या चार ओळी. खाली नाताळ, तो कागद उलटून मागच्या बाजूपर्यंत गेला होता. कुठल्या रविवारी कितवी मेणबत्ती लावली, बिस्किटांच्या पिठात कोणाचा हात होता, बूट कुठल्या ब्रशनं घासले, सगळं. तो कागद मी घरी आणला आणि रात्री स्वयंपाकघरात बसून रडले. घरात झाड होतं म्हणून दिवाळी चार ओळींची झाली नव्हती. मी फराळ विकत आणला होता, रांगोळीचा स्टिकर लावला होता आणि मंडळाच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली होती. मुलाच्या हाताला काही कामच दिलं नव्हतं.

जर्मनीतला नाताळ लहान मुलांना इतका का धरून ठेवतो, याचं उत्तर आडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, त्या चार मेणबत्त्यांच्या चक्रात आहे. ते चक्र योहान हिनरिश विषर्न यांनी १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये पहिल्यांदा बनवलं. अनाथ आणि गरीब मुलांसाठी त्यांनी घर काढलं होतं. तिथली मुलं रोज विचारायची, नाताळ कधी येणार? त्यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. रोज एक पेटवायची. किती दिवस उरले ते मुलांना डोळ्यांनी दिसायचं. पुढे घराघरात चारच मेणबत्त्या राहिल्या, पण कल्पना तीच राहिली. म्हणजे सण मोठा होतो तो वाट पाहण्यानं, आणि वाट पाहताना करायच्या कामांनी.

हे आपल्याला कोणी शिकवायला हवं होतं असं थोडंच आहे? भाजणी दळून आणणं, सोऱ्या माळ्यावरून काढून उन्हात ठेवणं, किल्ल्यासाठी माती गोळा करणं, आकाशकंदिलाच्या काड्या बांधणं, हीच तर आपली दिवाळी होती. परदेशात आल्यावर ही तयारी गळून पडते आणि नुसता समारंभ उरतो.

तेव्हा यंदा, २०२६ मध्ये, असं कर. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. इकडे आडव्हेंट-कॅलेंडर म्हणून चोवीस पिशव्या दोरीला टांगतात, तशा बारा लहान पिशव्या शिव. जुन्या साडीच्या, खणाच्या, काहीही चालेल. कोजागिरीपासून वसुबारसेपर्यंत साधारण बारा दिवस मिळतात. रोज एक पिशवी उघडायची आणि आत चॉकलेटऐवजी एक काम. "आज पणत्या धुवून पुसायच्या." "आज आजीला फोन करून विचारायचं, चिवड्याला पोहे किती घेतेस?" "आज रांगोळीचे रंग डब्यात भरायचे." "आज बाबांनी कंदिलाच्या काड्या कापायच्या आणि तू कागद चिकटवायचा." कामं अशी निवड, की ती मुलीनं केली नाहीत तर खरंच अडेल.

आणि किल्ला कर. बाल्कनीत, जुन्या बेकिंग ट्रेमध्ये, कुंडीतली माती घेऊन. किल्ल्यावर आपण हिरवळीसाठी अळीव पेरायचो, आठवतं? तेच अळीव इथल्या सुपरमार्केटात बियाण्यांच्या रॅकवर 'क्रेसे' नावानं मिळतं. इथल्या बालवाड्यांमध्ये ईस्टरच्या आधी मुलं तेच कापसावर पेरतात, त्यामुळे तुझ्या लेकीला ते बी ओळखीचं असेल. आदल्या आठवड्यात पेर, रोज पाणी शिंपड, पाचसहा दिवसांत कोंब वर येतात. त्यावर मावळे ठेवताना तिचा चेहरा पाहा. आठ नोव्हेंबरची संध्याकाळ इथे गार असते आणि लवकर अंधारते, पणत्यांना याहून चांगली वेळ कुठली?

एवढं झालं की मग झाडाची भीती बाळगायचं कारण उरत नाही. आडव्हेंटचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी. मधल्या काळात घर जरा शांत राहू दे. कंदील उतरवून नीट घडी करून ठेव. एक सण संपला हे मुलांना कळायला हवं, नाहीतर नुसते दिवे लागलेले राहतात आणि कशाचे ते कोणालाच सांगता येत नाही.

आता सासूबाई. "आपल्या घरात हे कशाला" या त्यांच्या प्रश्नात राग असेलच असं नाही. मला त्यात धास्ती ऐकू येते: नात आपली राहील ना? त्यांना वाद घालून पटवायला जाऊ नकोस. वाटलं तर एवढं सांग, की नाताळ मराठीला परका नाही. वसईच्या गावांमधून पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांत गोठा सजतो, दारात चांदणी टांगली जाते आणि प्रार्थना मराठीत होते. येशूची कथा तर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांमध्ये रचली, ती १६१६ साली गोव्यात छापली गेली. 'नाताळ' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला आणि आता पूर्ण आपला झालेला. तो ज्यांच्या श्रद्धेचा सण आहे त्यांचा आहे, आणि आपण त्यात शेजाऱ्यासारखं मानानं सहभागी होतो. म्हणूनच मला झाडावर गणपती टांगणं किंवा बाळकृष्णाला लाल टोपी घालणं पटत नाही. दोन्ही सणांना आपापलं रूप असू दे. देवघर देवघराच्या जागी, झाड हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात.

पण बोलण्यापेक्षा हाताला काम दिलेलं चांगलं. माझी आई पहिल्यांदा डिसेंबरात आली तेव्हा झाडाकडे पाठ करून बसायची. आमच्या शेजारच्या आजीबाईंनी तिला त्यांच्या झाडावरचे पांढरे तारे दाखवले. क्रोशाचे, दोऱ्यानं विणलेले. आईनं एक तारा उलटा करून पाहिला, टाके मोजले आणि मला म्हणाली, "विचार त्यांना, सुई कितीची आहे." दुसऱ्या दिवशी दोरा आला. तारे मऊ पडत होते, तर तिनं साबुदाण्याची खळ केली, तारे त्यात बुडवून थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून वाळवले. तिच्या लहानपणी रुमालांना अशीच खळ करायचे. शेजारच्या आजीबाई साखरेच्या पाकात बुडवायच्या, त्यांना ही खळ इतकी आवडली की त्यांनी साबुदाणा मागून नेला. आई आता नाही. दरवर्षी ते अकरा तारे मी टिश्यू पेपरमधून काढते आणि मुलगा, आता माझ्याहून उंच झालेला, ते सगळ्यात वर लावतो.

तुझ्या सासूबाईंना क्रोशा येत नसेल तर करंजी येत असेल. इथे आडव्हेंटमध्ये घरोघरी प्लेट्सशन म्हणजे लहान बिस्किटं भाजतात. त्यात व्हानिलेकिप्फर्ल म्हणून चंद्रकोरीच्या आकाराचं एक असतं, मैदा, लोणी, साखर आणि बदामाची पूड. ते अंड्याशिवायही छान होतं, त्यामुळे सासूबाईंनाही चालेल. भाजून निघालं की गरम असतानाच पिठीसाखरेत घोळवायचं, पण फार गरम असताना हात लावला की मोडतं. तो नेमका क्षण ओळखायला पाकाच्या तारेचा अंदाज असलेला हात लागतो. (बाजारच्या मिठायांचं मात्र लेबल वाच. गमीमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं, आणि काही पारंपरिक पदार्थांत डुकराची चरबी.) ताट भरून शेजारी द्यायचं हा रिवाज तर दोन्हीकडे आहे. दिवाळीला फराळाचं ताट दिलं असशील, तर डिसेंबरात ते रिकामं परत येणार नाही.

५ डिसेंबरच्या रात्री लेकीला बूट घासून दाराबाहेर ठेवायला सांग. ६ तारखेला निकोलाउसचा, म्हणजे संत निकोलसचा, दिवस असतो, सकाळी त्यात अक्रोड, संत्री, थोडं चॉकलेट. शाळेत सगळी मुलं त्याबद्दल बोलतात. फार खर्च करायची गरज नाही.

झाडाबद्दल थोडं नीट सांगते, कारण पहिल्या वर्षी मी फसले होते. स्वस्त म्हणून फिश्टे (स्प्रूस) आणलं, हीटरशेजारी कोरड्या स्टँडमध्ये उभं केलं, आणि वीस तारखेपर्यंत निम्म्या सुया गालिच्यात. फिश्टेला वास सुंदर असतो, पण घरातल्या उबेत ते लवकर झडतं. नॉर्डमानटाने नावाचं फरचं झाड घे. महाग पडतं, पण सुया मऊ असतात आणि पुष्कळ दिवस टिकतात. दीड मीटर उंची तुमच्या फ्लॅटला पुरे. पाणी भरता येईल असाच स्टँड हवा. आणल्यावर घरात लगेच उभं करू नकोस, एकदोन दिवस बाल्कनीत बादलीत ठेव. पहिले काही दिवस ते भराभर पाणी पितं, रोज सकाळी वाकून बघायचं. हे काम लेकीला दे. दिवे एलईडीचेच लाव. काही जर्मन घरांत अजून झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावतात, ते बघायला फार सुरेख, पण लहान मूल असलेल्या घरात नको. आडव्हेंटचं चक्रही चौथ्या रविवारपर्यंत खडखडीत वाळतं आणि त्यातली राळ चटकन पेट घेते. मी ते स्टीलच्या परातीत ठेवते. मेणही परातीत पडतं, आणि काही झालंच तर परात उचलता येते.

आणि आता खरी कसोटी. यंदा २४ डिसेंबर गुरुवारी येतोय, आणि तो मार्गशीर्षातला गुरुवार आहे. जर्मनीत नाताळची मुख्य संध्याकाळ हीच, भेटवस्तू त्याच संध्याकाळी उघडतात. सासूबाईंचा उपास, पूजा, कहाणी, नैवेद्य, तेही त्याच संध्याकाळी. तुला हे संकट वाटेल. मला विचारशील तर असा दिवस मागून मिळत नाही.

नारळ, विड्याची पानं, फळं, फुलं, सगळं मंगळवारपर्यंत आणून ठेव. २४ ला दुकानं दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात, आणि मग २५, २६ सुट्टी, २७ ला रविवार. शुक्रवार ते रविवार दूध संपलं तर मिळणार नाही. डहाळ्या आंब्याच्या मिळाल्या नाहीत तर सासूबाईंनाच विचार काय चालेल, त्या सांगतील. सकाळी लेकीनं आजीबरोबर चौरंग मांडायचा, कलशाला हळदीकुंकवाची बोटं ओढायची. इथे परंपरेनं झाड २४ तारखेलाच सजवतात, तेव्हा दुपारी सगळ्यांनी मिळून झाड. अंधार पडला की आधी पूजा. कहाणी आजीनं वाचायची, मग तीच लेकीनं बाबांना जर्मनमध्ये सांगायची, चुकलं तर चुकू दे. आरती, नैवेद्य, आजीचा उपास सुटला की मग झाडाचे दिवे लावायचे आणि खालची पुडकी उघडायची. आजीसाठीही एक पुडकं असू दे. त्यावर नाव लेकीच्या हातचं, देवनागरीत.

झाड ६ जानेवारीनंतर निघतं. पालिकेच्या कचऱ्याच्या वेळापत्रकात नेण्याची तारीख असते, त्याआधी झाडावर एकही दागिना किंवा चमकी राहू देऊ नकोस, नाहीतर ते नेत नाहीत. तो कोपरा रिकामा झाला की आठवडाभरात भोगी आणि संक्रांत. सासूबाई तोवर इथेच आहेत, तेव्हा हलवा घरी करायचा असेल तर त्यांच्याकडून शिकून घे. तीळ आत्ताच भारतीय दुकानातून आणून ठेव, जानेवारीत संपतात.

आणि झाड विकत घेताना विक्रेत्याला बुंध्याची खालची दोन बोटं चकती कापून द्यायला सांग. ती चकती टाकू नकोस. मागे वर्ष आणि लेकीची उंची लिहून ठेव, पुढच्या दिवाळीत किल्ल्याच्या बुरुजाला बसवता येते.